रिबिल्ट कॅलिपर गळतोय? आधी ओल कुठून आली ते बघा

नोव्हेंबरात गाडी झाकून ठेवताना मी चारही चाकांखाली पुठ्ठे सरकवून ठेवते. एप्रिलमध्ये कापड काढलं, तर डाव्या मागच्या चाकाखालच्या पुठ्ठ्यावर भाकरीएवढा काळपट डाग. बोट लावलं, बुळबुळीत. बोट नळाखाली धरलं, तर साबण न लावता स्वच्छ झालं. डिफरन्शियलचं (मागच्या चाकांना जोर देणाऱ्या गिअरपेटीचं) तेल असतं तर नुसत्या पाण्यानं निघालं नसतं. डॉट ३ आणि डॉट ४ ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, त्यामुळं ही खूण करून बघायला सोपी. म्हणजे ब्रेकच गळत होते, आणि तेही आदल्या उन्हाळ्यात रिबिल्ट करून, म्हणजे उघडून नव्यासारखा करून, आणलेल्या कॅलिपरमधून. कॅलिपर म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडनं चिमटणारा ब्रेकचा भाग.

गाडी १९७२ ची शेव्हरोले कॉर्व्हेट. पुढं आणि मागं दोन्हीकडं क्रोमचे बंपर असलेलं हे शेवटचं वर्ष, म्हणून मी मुद्दाम हेच वर्ष शोधलं होतं. आम्ही मिशिगनला राहतो. हिवाळ्यात इथं रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळं पाच महिने गाडी उभीच असते. १९६५ पासून १९८२ पर्यंतच्या कॉर्व्हेटला चारही चाकांना डिस्क आणि प्रत्येक कॅलिपरमध्ये पॅड दाबणारे चार पिस्टन. एका गाडीत सोळा पिस्टन, सोळा सील (ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्या). मूळ सिलेंडर बिडाचे, ते ओलाव्यानं आतून गंजतात आणि सील खरवडतात. म्हणून आता बहुतेक जण आत स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह (नळीसारखं अस्तर) बसवलेले कॅलिपर घेतात. माझेही तसलेच होते.

पहिल्यांदा मी जे केलं ते तुम्ही करू नका. मी तो कॅलिपर परत पाठवला, बदलून दुसरा मागवला आणि बसवला. सहा आठवड्यांनी तोही गळायला लागला. त्याच कोपऱ्यात.

माझं माहेर कोल्हापूरचं. आबांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं. गिऱ्हाईक एखादा गळका पंप घेऊन आलं की आबा आधी तो पुसून कोरडा करायचे आणि बाकड्यावर नुसता ठेवून द्यायचे. "पोरी, पाणी चुलीवर पडतं म्हणून चुलीवरचंच कौल फुटलेलं असतं असं न्हाई. ते दोन हात वरबी असतं." दुसरा कॅलिपर गळाला तेव्हा मला ते आठवलं. मग पाना खाली ठेवला आणि ओल कुठून येते ते शोधायला बसले.

आधी सुरक्षिततेचं. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. फ्रेमखाली घोड्या लावा, गाडीला दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा, मगच चाक काढा. आणि ब्रेकचं काम पहिल्यांदाच करत असाल, तर गाडी रस्त्यावर काढण्याआधी जाणत्या माणसाकडून एकदा तपासून घ्या. यात कमीपणा काही नाही.

ओल वाचायची कशी

चाक काढा, पण पॅड जागेवरच राहू द्या. पॅड काढून पेडल दाबलं तर पिस्टन बाहेर येतात. कॅलिपर, पाइप, होज (रबरी नळी) हे सगळं ब्रेक क्लीनरनं धुवा आणि वाऱ्यावर पूर्ण वाळू द्या. मग कॅलिपरच्या बाहेरच्या अंगावर आणि सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवा, डिस्कवर मात्र नको. घरातल्या कुणाला तरी पेडल दाबून धरायला सांगा, चांगलं मिनिटभर. तुम्ही टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बसा. पावडरीवर ओल उमटते तो ठिपका आधी टाचणीएवढा असतो. तो पसरायच्या आत बघायचा.

कॅलिपरला ओल सुटण्याच्या जागा मोजक्याच. पहिली, होज जिथं कॅलिपरला जोडलाय ती. कॉर्व्हेटच्या पुढच्या होजखाली तांब्याचा वॉशर असतो. तो एकदा दाबला गेला की त्याच्यावर कडेकडेनं खाचा उमटतात, आणि पुन्हा वापरला की गळतो. नवीन वॉशर काही सेंटला मिळतो, नवीनच घाला. अगदीच अडलं तर जुना वॉशर गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं पुन्हा मऊ होतं. गळतंय म्हणून पाना आणखी आवळत बसू नका. बिडाचे आटे गेले तर कॅलिपरच गेला. मागच्या कॅलिपरला होज नाही, लोखंडी पाइप येतो. तिथं वॉशर नसतो, पाइपचं फुगवलेलं तोंड आणि कॅलिपरमधली बैठक एकमेकांवर बसतात. तोंडाला चीर असेल किंवा नट तिरपा चढला असेल तर गळणारच. नट नेहमी आधी बोटांनी तीन-चार फेरे फिरवा, पाना नंतर.

दुसरी जागा म्हणजे एअर काढायचा, म्हणजे ब्रेकमध्ये अडकलेली हवा बाहेर सोडायचा, निपल. त्याच्या टोकाच्या बैठकीत कचरा अडकला की थेंब निपलच्या तोंडातून येतो. रबरी टोपी काढून बघा, टोपीत ऑइल साठलेलं दिसलं तर कारण हेच.

तिसरी, कॅलिपरच्या दोन अर्ध्या भागांमधला सांधा. आतल्या अर्ध्यातून बाहेरच्या अर्ध्यात ऑइल जातं तिथं ओ-रिंग (गोल रबरी कडी) असते. रिबिल्ट करताना ती चिमटली गेली असेल तर सांध्याच्या रेषेवर ओल येते. कॉर्व्हेटच्या कारखान्याच्या मॅन्युअलमध्येच कॅलिपर उघडण्याची कृती दिलेली आहे, त्यामुळं ही ओ-रिंग बदलता येते. बऱ्याच दुसऱ्या गाड्यांचे बनवणारे मात्र दोन अर्धे उघडूच नका म्हणतात, तेव्हा आपल्या गाडीचं आधी बघून घ्या.

चौथी, पिस्टनचं सील. हे थेट दिसत नाही, कारण पुढं धूळ अडवणारा रबरी बूट असतो. पॅड काढा आणि बुटाची कड लाकडी काडीनं हळूच उचला. आत ऑइल असेल तर सील सोडतंय.

पाचवी जागा सगळ्यात फसवी. स्लीव्ह आणि मूळ बीड यांच्या मधून ऑइल झिरपतं. बुटाजवळ ओल दिसते, सील बदललं तरी थांबत नाही. पिस्टन काढून सिलेंडर कोरडा पुसला आणि थोड्या वेळानं स्लीव्हच्या कडेला पुन्हा ओलसर रेघ उमटली, तर तो कॅलिपर परत पाठवा. घरी त्याचं काही होत नाही.

माझ्या गाडीत ओल चौथ्या जागी होती. आतल्या बाजूच्या वरच्या पिस्टनचा बूट भरलेला होता. कॅलिपर उघडला, सील भिंगाखाली धरलं. कापलेलं नाही, उलटं बसवलेलं नाही. सीलची पातळ कड, म्हणजे ओठ, मात्र सगळीकडून झिजून गुळगुळीत झालेला, जणू दहा वर्षं वापरलेला. सहा आठवड्यांत! तेव्हा माझी नजर कॅलिपरवरून डिस्ककडं गेली.

डिस्कचा फेर

या कॅलिपरमधली एक गोष्ट समजून घेतल्याशिवाय पुढं जाण्यात अर्थ नाही. बहुतेक गाड्यांच्या कॅलिपरमध्ये चौकोनी कापाचं सील असतं. ते पेडल सोडल्यावर पिस्टनला केसभर मागं ओढतं, त्यामुळं डिस्क जराशी वेडीवाकडी फिरली तरी चालून जातं. कॉर्व्हेटच्या या जुन्या कॅलिपरमध्ये तसं नाही. पिस्टनच्या मागं स्प्रिंग आहे, ती पॅडला सतत डिस्कला टेकवून ठेवते. डिस्क डुलत असेल तर ती प्रत्येक फेऱ्यात पिस्टनला आत ढकलते आणि बाहेर येऊ देते. ताशी ६० मैलांना चाक सेकंदाला साधारण बारा फेरे घेतं. म्हणजे पिस्टन सेकंदाला बारा वेळा आत-बाहेर.

सील ओठाचं आहे, ते एकाच बाजूनं अडवतं. आतून दाब आला की ओठ फाकतो आणि सिलेंडरला घट्ट धरतो. पण पिस्टन असा पंपासारखा हलायला लागला की ओठ आत दुमडतो आणि बाहेरची हवा आत घेतो. म्हणूनच माझं पेडल एअर काढल्यावर दगडासारखं असायचं आणि हायवेवर पन्नास मैल गेल्यावर स्पंजासारखं व्हायचं. मी तेव्हा मास्टर सिलेंडरवर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल पुढं ढकलणाऱ्या सिलेंडरवर, संशय घेत होते. हवा आत जाते, ओठ झिजतो, आणि गाडी महिनाभर उभी राहिली की त्याच वाटेनं ऑइल बाहेर येतं. तुमचंही पेडल असंच पुन्हा पुन्हा मऊ होत असेल, तर नवं सील मागवण्याआधी डिस्क मोजा.

फेर, म्हणजे फिरताना डिस्क किती डुलते ते, मोजायला डायल गेज (काट्यानं बारीक फरक दाखवणारं माप) लागतो, चुंबकी स्टँडसकट. माझा आबांचा आहे, कोल्हापूरहून सामानात आणलेला. कॅलिपर काढा आणि तारेनं बांधून वर टांगा. होजवर लोंबकळू देऊ नका, होज आतून फाटतो. चाकाचे पाचही नट वॉशर घालून डिस्कवर आवळा, नाहीतर डिस्क हबवर (चाक ज्यावर बसतं त्या भागावर) सैल बसते आणि आकडा खोटा येतो. गाडीचं अंग फायबरग्लासचं, चुंबक त्याला धरत नाही. स्टँड सस्पेन्शनच्या लोखंडी आर्मवर बसवा. गेजचं टोक डिस्कच्या कडेपासून चार सूत, म्हणजे अर्धा इंच, आत टेकवा आणि डिस्क हातानं सावकाश फिरवा. त्याआधी हब धरून आत-बाहेर हलवून बघा. बेअरिंगच ढिलं असेल तर आधी ते, डिस्क नंतर.

पाच थाऊ, म्हणजे इंचाचे पाच हजारावे भाग, याच्या वर गेलं की या कॅलिपरचं दुखणं सुरू होतं. दोन-तीन थाऊत आलं की निश्चिंत. माझ्या डाव्या मागच्या चाकाचा काटा अकरा थाऊ फिरला. मी तीनदा मोजलं. अकराच.

कारणही सापडलं. कारखान्यात या डिस्क हबला रिव्हेट मारून बसवायच्या आणि मग हबसकट लेथवर घासायच्या, म्हणून त्या जोडीत फेर जवळजवळ नसायचा. माझ्या आधीच्या कुणीतरी रिव्हेट पाडून नवी डिस्क घातली होती, आणि नव्या डिस्कला त्या हबची ओळखच नव्हती. तुमच्या गाडीचे रिव्हेट अजून शाबूत असतील तर ते पाडायची घाई करू नका.

मागची डिस्क काढताना आत हँडब्रेकचे छोटे शू असतात, त्यांचं अ‍ॅडजस्टर सैल करा, मगच ती निघते. डिस्क आणि हब दोघांवर खडूनं खूण करा. हबच्या तोंडावरचा गंज वायर ब्रशनं घासून पांढरा धातू दिसेपर्यंत काढा. माझ्या हबवर एका बोल्टच्या मुळाशी गंजाची खपली होती, नखाएवढीच, पण ती निघाल्यावर अकराचे नऊ झाले. मग डिस्क एकेक भोक सरकवून पाचही जागी मोजली आणि आकडे वहीत लिहिले. सर्वात चांगल्या जागी पाच थाऊ आले. उरलेल्यासाठी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ असलेली गोल शिम (पत्र्याची चकती) मिळते. तिची जाड बाजू डिस्कच्या खोल जागेमागं येईल अशी बसवली, तेव्हा काटा दोनावर थांबला. या एका कामाला पूर्ण शनिवार गेला. सगळ्या दुरुस्तीत खरा उपयोग याच दिवसाचा झाला. डिस्क आधीच फार झिजलेली असेल तर हे सगळं करू नका. तिच्यावर किमान जाडी १.२१५ इंच अशी ओतीवच असते, त्याखाली गेली असेल तर बदला.

सील बसवणं

आबांच्या वर्कशॉपमध्ये सगळं रॉकेलच्या ट्रेमध्ये धुतलं जायचं. ब्रेकला ती सवय चालत नाही. रॉकेल, पेट्रोल, डिझेल, साधं ग्रीस यांपैकी काहीही या रबराला लागलं की ते फुगतं आणि मऊ पडतं. धुवायला ब्रेक क्लीनर किंवा स्पिरिट, आणि वंगण म्हणून ताजं ब्रेक ऑइल, बस्स.

स्लीव्हमध्ये नख फिरवा. नख कुठं अडलं तर तो कॅलिपर बाद. स्टेनलेसला पॉलिश पेपर मारून चर जात नाही.

पुढचे पिस्टन पावणेदोन इंच आणि एक सूत, मागचे सव्वा इंच आणि एक सूत व्यासाचे. मागवताना पुढचं-मागचं किट गोंधळू नका. सील दहा मिनिटं ब्रेक ऑइलमध्ये भिजत घाला आणि बोटांनीच पिस्टनवर चढवा, स्क्रू ड्रायव्हर जवळही आणू नका. ओठ ऑइलच्या बाजूला, म्हणजे सिलेंडरच्या तळाकडं. उलटं बसलं तर पहिल्याच दाबाला धार लागते.

आता नाजूक भाग. ओठाचा व्यास सिलेंडरपेक्षा मोठा, त्यामुळं पिस्टन सरळ आत जात नाही. मी दुधाच्या प्लास्टिकच्या कॅनमधून बोटभर रुंद पट्टी कापली आणि तिची टोकं पाण्याच्या पॉलिश पेपरवर घासून गोल केली. स्प्रिंग ठेवली, पिस्टन सरळ धरला, आणि पट्टीनं ओठ थोडा थोडा आत सारत गोल फिरले, पोळीची कड चिमटत जावं तसं. ओठ पूर्ण आत गेला की हाताला कळतं. पिस्टन एकदम लोण्यात बोट जावं तसा खाली जातो आणि अंगठा उचलला की स्प्रिंगनं वर येतो. जोर लावावा लागला तर थांबा, ओठ दुमडलाय. काढा, सील बघा, पुन्हा करा. चार पिस्टनांना मला दीड तास लागला आणि एक सील फुकट गेलं. म्हणून किट नेहमी एक जादा मागवा.

बुटाची लोखंडी कडी कॅलिपरच्या तोंडाशी सपाट बसली पाहिजे. एका बाजूनं वर राहिली तर त्या फटीतून पाणी आत जातं. योग्य मापाचा सॉकेट वर ठेवून हलक्या हातानं ठोका.

दोन अर्धे जोडताना नवी ओ-रिंग घाला आणि बोल्ट टॉर्क रेंचनंच आवळा. आकडा आपल्या वर्षाच्या मॅन्युअलमधून घ्या, पुढचा आणि मागचा वेगळा आहे. कॅलिपर डिस्कवर चढवताना स्प्रिंगमुळं पिस्टन बाहेर येऊन आडवे होतात. लांबी (पुट्टी) भरायचे दोन पातळ पत्रे दोन्ही बाजूंना घालून पिस्टन दाबून धरा, पॅड बसले की पत्रे ओढून काढा. ऑइल लागलेले पॅड पुसून पुन्हा घालू नका. पॅड ऑइल शोषून घेतात, पुसून ते जात नाही.

ओठाच्या सीलऐवजी ओ-रिंग घातलेले पिस्टनही मिळतात. ते थोडा फेर सहन करतात, हवा ओढत नाहीत आणि गाडी उभी राहिली तरी कमी गळतात. वर्षातले निम्मे दिवस गाडी उभी राहणार असेल तर ते घेणं शहाणपणाचं. मी मागच्या दोन कॅलिपरना तेच घातले, पण डिस्क नीट केल्यावर. डुलणारी डिस्क तशीच ठेवून घातले तर आजार झाकला जातो, एवढंच.

एअर काढणं

ताजं, सीलबंद डबीतलं ऑइल वापरा. मी डॉट ४ घालते. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस, ओलावा शोषल्यावर १५५ धरतात, म्हणून दर दोन वर्षांनी बदलते. डॉट ५ हे सिलिकॉनचं, ते रंग खात नाही म्हणून अनेकांना आवडतं, पण त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकून राहतात, आणि ते डॉट ३ किंवा ४ मध्ये कधीही मिसळायचं नाही. साधं ऑइल रंगावर सांडलं तर चोळू नका, लगेच भरपूर पाणी ओता. मडगार्डवर ओलं जुनं लुगडं टाकूनच मी डबी उघडते.

निपल वरच्या बाजूला आलेत ना ते बघा. डावा कॅलिपर उजवीकडं बसला तर निपल खाली येतात आणि हवा आयुष्यभर निघत नाही. कॉर्व्हेटच्या पुढच्या कॅलिपरला एक निपल, मागच्याला दोन, एक आत आणि एक बाहेर. बाहेरच्यासाठी चाक काढावं लागतं, म्हणून पुष्कळ जण तो सोडून देतात आणि मग पेडल मऊ का म्हणून शोधत बसतात. मी आधी निपल उघडून नुसतं आपोआप ठिबकू देते, अर्धा तास. मग मुलगा पेडलवर बसतो. "दाब. धर. सोड." मी निपल बंद केल्याशिवाय त्यानं पाय उचलायचा नाही, एवढा एकच नियम. दूरच्या चाकापासून जवळच्याकडं यायचं, आणि टाकीतली पातळी मध्येच बघत राहायची.

सगळं झालं की सीट आणि पेडल यांच्या मध्ये लाकडी काठी अडकवून रात्रभर दाब ठेवा. सकाळी प्रत्येक सांध्याला पांढरा टिश्यू टेकवा. कोरडा निघाला तरच चाकं चढवा. मग आधी घराच्या रस्त्यावर ताशी दहा मैलांनी थांबून बघा, नंतर तीस, आणि पन्नास मैलांनी परत येऊन पेडल किती खाली जातं ते तपासा.

माझं पेडल ऑक्टोबरअखेर जिथं होतं तिथंच आहे. पाच जागांचे आकडे लिहिलेली वही सीटमागच्या कप्प्यात ठेवली आहे. गाडी परवा झाकली, पुठ्ठे नवे घातले. या हिवाळ्यात दर रविवारी गॅरेजमध्ये जाऊन पेडल दहा-बारा वेळा दाबायचं ठरवलंय, म्हणजे सील एकाच जागी चिकटून बसणार नाहीत.